पंखावर पिटो बसवला आणि वेग चुकीचा दाखवतोय? सेन्सर बदलण्याआधी हे तपासा

विमान कोणतं ते आधी सांगतो. घरी बांधलेलं, फोमचं, दीड-दोन मीटर पंखाचं, नाकावर मोटर आणि प्रॉपेलर. आत पिक्सहॉक जातीचा बोर्ड, त्यावर आर्डूपायलट हे ऑटोपायलटचं सॉफ्टवेअर. आधी नुसत्या जीपीएसवर उडायचं, आता मागाहून पंखाच्या पुढच्या कडेला पिटो नळी (समोरच्या भोकातला आणि बाजूच्या छिद्रांतला दाब यांच्या फरकावरून हवेतला वेग कळतो ती) बसवली आणि धडात तो फरक मोजणारा एमएस ४५२५ सेन्सर लावला. संभाजीनगर, जालना, परभणीकडून दुरुस्तीला येणाऱ्या विमानांत हा मामला सगळ्यात जास्त असतो आणि जवळजवळ प्रत्येक जण नवा सेन्सर विकत घेऊनच आलेला असतो.

लक्षणं

– विमान जमिनीवर उभं, वारा नाही, तरी वेग ६-८ मी/से दाखवतो. (२-३ च्या आत नाचत असेल तर तो दोष नाही, त्याचं कारण पुढं आहे.)
– पिटोवर फुंकर मारली तरी आकडा ढिम्म हलत नाही.
– थ्रॉटल दिला किंवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) हलवले की आकडा उडी मारतो.
– हवेत वेग सतत कमी दाखवतो, त्यामुळं ऑटोपायलट विनाकारण जोरात पळवतो आणि बॅटरी लवकर संपते.
– विमान वर चढताना वेग वाढत जातो, खाली येताना उतरतो. किंवा बरोबर उलटं.
– सकाळी सगळं ठीक, दुपारी बिघाड.
– पंख काढून गाडीत टाकले, शेतावर जाऊन परत जोडले, की पुन्हा पहिल्यापासून सुरू.
– ‘बॅड एअरस्पीड हेल्थ’ असा संदेश अधूनमधून येतो.

यातलं शेवटून दुसरं लक्षण तुमचं असेल तर थेट सांध्याच्या भागाकडं उडी मारली तरी चालेल. बाकीच्यांनी क्रमानं या. क्रम खर्चाचा आहे, आधी फुकटातलं, मग दहा-वीस रुपयांचं, मग पंख कापायला लावणारं.

आणि एक गोष्ट आत्ताच करून टाका. ‘एआरएसपीडी यूज’ हे पॅरामीटर ० करा. म्हणजे सेन्सर मोजेल, लॉगमध्ये, म्हणजे उड्डाणाच्या नोंदीत, लिहील, पण ऑटोपायलट त्या आकड्यावर विमान चालवणार नाही. नवीन बसवलेल्या पिटोवर पहिल्याच दिवशी १ ठेवून ऑटो मोडमध्ये उडवणं म्हणजे आंधळ्याच्या हाती गाडी देण्यासारखं आहे.

किती दाब मोजायचाय याचा अंदाज घ्या

हे न समजता पुढच्या तपासण्या केल्या तर त्या नुसत्या खटपटी होतात. १५ मी/से वेगाला, समुद्रसपाटीच्या हवेत, पिटोच्या तोंडाशी जो जादा दाब तयार होतो तो फक्त १३८ पास्कल. पाण्याच्या उंचीत सांगायचं तर १४ मिलिमीटर. १० मी/से ला सहा मिलिमीटर आणि २० ला पंचवीस. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून वेग दुप्पट झाला की दाब चौपट.

आपला सेन्सर आहे एक पीएसआयचा, म्हणजे दोन्ही बाजूंना सुमारे ६,९०० पास्कलपर्यंत मोजणारा. १५ मी/से ला आपण त्याच्या क्षमतेचा दोन टक्के भाग वापरतो. त्याच्या मोजमापाची एक पायरीच साधारण एक पास्कलची असते. शून्याजवळ दोन-चार पास्कल इकडंतिकडं झाले तरी वर्गमूळ काढल्यावर तो आकडा २-३ मी/से दिसतो. जमिनीवरचं ते नाचणं म्हणूनच मनावर घ्यायचं नाही. विमान १५ ला उडत असताना तेच चार पास्कल जेमतेम दोन दशांशाचा फरक पाडतात.

याची दुसरी बाजू अशी की चौदा मिलिमीटर पाणी अडवायला फार काही लागत नाही. एक थेंब, एक चिमूट माती, नळीला बसलेली एक मुरड पुरते. सेन्सर जळायला मात्र बरंच काही घडावं लागतं. म्हणून संशय आधी नळीवर घ्यायचा, सेन्सरवर सगळ्यात शेवटी.

पहिली तपासणी: विमान चालू कसं करता?

बॅटरी जोडली की ऑटोपायलट पहिल्या काही सेकंदांत पिटोवरचा दाब शून्य धरतो. त्या वेळी पिटोत वारा शिरत असेल तर तोच वारा त्याचं शून्य होतो. एप्रिल-मेमध्ये मोकळ्या रानात दुपारी ८ मी/से चा झोत काही नवलाचा नाही. तेवढ्या झोताचे ३९ पास्कल शून्यात गेले की खऱ्या १५ ला तुमचं विमान पावणेतेरा दाखवणार. सकाळी ठीक आणि दुपारी बिघाड, यातली अर्धी विमानं इथंच बरी होतात.

उपाय साधा आहे. पिटोवर सैल कापडी पिशवी घाला, बाजूची बारीक छिद्रंसुद्धा झाकली जातील एवढी लांब, आणि ती घातलेली असतानाच बॅटरी जोडा. पिशवीला लाल फीत लावा, नाहीतर ती तशीच हवेत जाते. रबरी टोपण किंवा बोट लावू नका. टोपण घट्ट बसवताना आतली हवा दाबली जाते, बोटाच्या उबेनं ती फुगते, आणि शून्य पुन्हा चुकतं. ऊब ही किरकोळ बाब नाही. बंद नळीतली हवा एक अंशानं तापली तर दाब सुमारे ३०० पास्कलनं वाढतो, जो २२ मी/से वेगाइतका आहे.

सेन्सर आतून तापून स्थिर व्हायलाही वेळ घेतो. चालू करून दोन मिनिटं थांबा आणि मग मिशन प्लॅनर या लॅपटॉपवरच्या प्रोग्रॅममधून प्रीफ्लाइट कॅलिब्रेशन पुन्हा एकदा द्या. विमान उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीतून काढून लगेच उडवायचं असेल तर हे सोडूच नका.

इथं एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. वेग खऱ्यापेक्षा कमी दाखवणारी चूक बॅटरी खाते. जास्त दाखवणारी चूक विमान खाते, कारण ऑटोपायलट ‘वेग भरपूर आहे’ समजून थ्रॉटल कमी करतो आणि विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखाची उचल संपून खाली येतं. दोन्ही चुका सारख्या धरू नका.

दुसरी: पिटोचं तोंड

भिंग घ्या, मोबाईलचा टॉर्च लावा आणि तोंडात बघा. आपल्याकडं तीन गोष्टी सापडतात. पहिली काळी माती. पोटावर उतरणारं विमान ढेकळात नाक खुपसतं, पंख टेकतो, आणि बारीक माती नळीत दाबून भरली जाते. दुसरा कापूस. वेचणीच्या दिवसांत कपाशीच्या रानावरून उडवलं की एखादा तंतू समोरच्या भोकाला अडकतो आणि डोळ्याला सहज दिसत नाही.

तिसरी कुंभारीण माशी. ती भिंतीच्या खाचेत मातीचं घर करते तसंच पिटोतही करते. विमान पावसाळ्यात शेडमध्ये महिनाभर टांगून ठेवलं आणि पिशवी घातली नाही, तर ही पाहुणी ठरलेली. एका विमानाच्या पिटोतून टाचणीनं टोकरल्यावर वाळलेल्या मातीचा गोळा निघाला आणि त्याच्या मागं, पिल्लांसाठी भरून ठेवलेली, हिरवट वाळकी अळी. मालक त्याआधी दोन सेन्सर बदलून बसले होते.

हसण्यावारी नेऊ नका. ६ फेब्रुवारी १९९६ ला बर्गेनएअरचं बोइंग ७५७ डॉमिनिकन रिपब्लिकजवळ समुद्रात कोसळलं आणि १८९ माणसं गेली. एक पिटो नळी बंद झालेली होती. ते विमान झाकण न घालता बरेच दिवस उभं होतं, आणि संशय मातीचं घर करणाऱ्या माशीवरच होता.

बंद पिटोचं लक्षण अगदी ओळखीचं आहे. जालन्याच्या एका पोरानं फोनवर सांगितलं तसं: “सर, वर चढायलंय तसं स्पीड वाढायलंय, पण विमान तर झोपायलंय!” पुढचं भोक बंद झालं की जमिनीवरचा दाब नळीत कोंडून राहतो. विमान चढतं तसा बाहेरचा दाब दर मीटरला साधारण ११ पास्कलनं उतरतो, आणि सेन्सरला हा फरक वेग वाटतो. बारा-तेरा मीटर चढलं की १५ मी/से फुकटात तयार. बाजूची स्टॅटिक छिद्रं (बाहेरचा स्थिर दाब घेणारी) बंद असतील तर उलटं होतं, म्हणजे चढताना वेग घटतो आणि उतरताना वाढतो. लॉगमध्ये उंचीचा आलेख आणि एअरस्पीडचा आलेख एकाखाली एक लावा. दोन्ही एकमेकांच्या मागं पळताना दिसले की दोष कुठं आहे हे तिथंच कळतं.

साफ करताना सेन्सरच्या दोन्ही नळ्या आधी काढा, मगच टाचणी किंवा बारीक तार घाला. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं नळी उडवायचा मोह अनेकांना होतो. त्याच्या टाकीत शंभर पीएसआयच्या घरात हवा असते, आपला सेन्सर एकाचा आहे. सेन्सर जोडलेला असताना ती हवा मारली तर मात्र खरोखरच नवा सेन्सर घ्यावा लागेल.

तिसरी: फुंकर

तोंड पिटोपासून वीतभर लांब ठेवून हलकी फुंकर मारा. आकडा वाढला पाहिजे. हललाच नाही तर नळी निसटलेली तरी आहे किंवा बंद तरी. शून्यावर जाऊन थांबत असेल तर दोन नळ्या सेन्सरवर उलट्या लागल्यात. आर्डूपायलटमध्ये ‘ट्यूब ऑर्डर’ २ असेल तर तो दोन्ही क्रम चालवून घेतो आणि उलट्या नळ्यांचा पत्ताच लागत नाही. मला ते आवडत नाही. क्रम ठरवून टाकावा, म्हणजे उद्या कुणी नळ्या उलट्या लावल्या तर जमिनीवरच कळतं.

पिटो तोंडात धरून फुंकू नका. तोंडातून वाफ जाते आणि तिचं पाणी होतं.

चौथी: पंख जिथं धडाला बसतो तो सांधा

सगळ्यात जास्त विमानं इथं अडकलेली असतात. नाकावर बसवलेल्या पिटोला हा त्रास नसतो, कारण नळी कधी सोडावीच लागत नाही. पंखावरच्या पिटोची नळी मात्र दर उड्डाणाला जोडली आणि सोडली जाते.

पंख काढा आणि नळ्यांकडं नीट बघा. सिलिकॉनच्या नळीवर चपटा, चकचकीत पट्टा दिसतोय का? पंखाचा बोल्ट आवळताना नळी फोम आणि प्लायवूडच्या मध्ये सापडते, त्याची ती खूण असते. पंख मोकळा असताना नळी फुगून पुन्हा गोल होते, फुंकर चाचणी पास होते, आणि बोल्ट आवळला की गळा दाबला जातो. म्हणून फुंकर चाचणी नेहमी पंख पूर्ण आवळल्यावरच करायची. अर्धवट दाबलेली नळी वेग चुकवत नाही, उशिरा दाखवते. झोत गेल्यावर आकडा रेंगाळत खाली आला तर समजा मुरड आहे.

दुसरी जागा म्हणजे जोडाचं टोक. रोज ओढून काढलेली नळी तोंडाशी सैल होते किंवा तिथं बारीक चीर पडते. टोकाचा सेंटिमीटरभर तुकडा कापून टाका आणि नवीन तोंड चढवा. खर्च शून्य. हे करता यावं म्हणून बसवतानाच नळी बोटभर जास्त ठेवायची असते.

तिसरी भानगड अदलाबदलीची. दोन्ही नळ्या पांढऱ्या, दोन्ही सारख्या लांबीच्या, आणि शेतावर घाई. एका नळीला लाल हीटश्रिंक चढवा आणि दोन जोड मागंपुढं ठेवा, एक सांध्याच्या अलीकडं आणि दुसरा चार बोटं पलीकडं. मग चुकीची नळी चुकीच्या टोकापर्यंत पोचतच नाही.

जोडाला पितळेची बारीक नळी वापरा, कापलेली कड घासून घ्या. सलाईनची नळी विमानात कायमची घालू नका. ती पीव्हीसीची असते, उन्हात मऊ पडते आणि जोडावरून सरकते. गरम डिकीत दोन तास राहिली की निकाल लागतो. विमानात सिलिकॉनच हवं.

पाचवी: सलाईनच्या नळीचा मॅनोमीटर

सलाईनची नळी विमानात नको, पण टेबलावर तिच्यासारखं स्वस्त यंत्र नाही. मेडिकलमधून एक सलाईन सेट आणि एक थ्री-वे (तीन तोंडांचा जोड) आणा. मीटरभर नळी कापा, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून पुठ्ठ्यावर चिकटपट्टीनं बसवा आणि मागं आलेख कागद लावा. अर्ध्यापर्यंत पाणी भरा. त्यात शाईचा एक थेंब आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका. साबणामुळं पाणी काचकूच न करता गुळगुळीत सरकतं.

यूचं एक टोक थ्री-वेमधून पिटोच्या पुढच्या भोकाला जोडा, फक्त पुढच्या, बाजूची छिद्रं उघडी राहू द्या. थ्री-वेच्या तिसऱ्या तोंडाला वीतभर मऊ नळी लावा, तिचं दुसरं टोक चिमटा लावून बंद करा आणि त्या टोकाकडून नळीची हळूहळू सुरळी करत या. आत दाब वाढतो. सिरिंजनं करू नका, कारण एवढ्या लहान जागेत अर्धा मिलिलिटर ढकलला तरी सेन्सरची हद्द गाठायला वेळ लागत नाही.

दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक १४ मिमी झाला की थांबा. एका बाजूचं पाणी किती चढलं ते नव्हे, दोन्हींमधला फरक. इथं गडबड झाली की सगळे आकडे दुपटीनं चुकतात.

आता लॉगमधला फरकाचा दाब बघा. तो १३८ च्या आसपास पाहिजे. जमिनीवर लॉग बनत नसेल तर ‘लॉग डिसआर्म्ड’ चालू करा. मी स्क्रीनवरचा वेग बघत नाही, पास्कल बघतो. वेग काढताना आर्डूपायलट दाबाला ‘रेशो’नं गुणून वर्गमूळ घेतो, आणि रेशो मुळात दोनच्या आसपास ठेवलेला असतो. त्यामुळं १३८ पास्कलला स्क्रीनवर साडेसोळा दिसले तरी सेन्सर निर्दोष असू शकतो. पास्कल जुळले तर सेन्सर चांगला आहे. तो विषय तिथंच संपवा आणि विकत घेतलेला नवा सेन्सर खोक्यात परत ठेवा.

मग पाणी तसंच मिनिटभर थांबतंय का बघा. पंखा बंद, विमान सावलीत, नळीला हात लावायचा नाही. पाणी घसरत असेल तर गळती आहे. ती शोधायला नळी मधोमध, म्हणजे पंखाच्या सांध्याशी, बोटांनी चिमटा. घसरण थांबली तर गळती सांध्याच्या आत, सेन्सरच्या बाजूला. सुरूच राहिली तर पिटोच्या बाजूला. जी बाजू दोषी, तिचे पुन्हा दोन भाग करा. दहा मिनिटांत जोड सापडतो.

स्टॅटिक बाजू तपासायला पिटोवरच्या बारीक छिद्रांवर चिकटपट्टी लावावी लागते. ती काढल्याशिवाय टेबल सोडू नका. २ ऑक्टोबर १९९६ ला एअरोपेरूचं ६०३ क्रमांकाचं उड्डाण लिमाहून निघालं तेव्हा धुताना स्टॅटिक छिद्रांवर लावलेली पट्टी तशीच राहिली होती. ७० जण गेले. आपल्या विमानात माणूस नाही, पण खाली रानात माणसं असतात.

पाणी

वळवाचा पाऊस, पहाटेचं दव, किंवा ओल्या गवतावर टेकलेला पंख. दीड-दोन मिलिमीटरच्या नळीत एक थेंब आडवा बसला तर त्याचा पृष्ठताणच आपल्या चौदा मिलिमीटरशी बरोबरी करतो. आकडा मग एका जागी चिकटून राहतो आणि मध्येच सुटतो. नळी दोन्ही टोकांनी सोडा, झटका आणि सावलीत वाळवा. बसवताना धडात नळीला एक खाली लोंबणारा वळसा ठेवला तर पाणी तिथं साचतं, सेन्सरपर्यंत जात नाही. बस एवढंच.

वीज आणि वायर

थ्रॉटल किंवा एलेरॉन हलवल्यावर आकडा उडतोय? प्रॉपेलर काढून टाका (काढाच, मोटरच्या चाचणीला हा नियम आहे) आणि पिटोवर पिशवी ठेवून मोटर फिरवा. पिशवी असूनही आकडा हलला तर दोष हवेचा नाही, विजेचा आहे.

या सेन्सरचा आकडा पुरवठ्याच्या व्होल्टेजवर थोडा अवलंबून असतो. पंखातले सर्वो (एलेरॉन हलवणाऱ्या छोट्या मोटरी) एकदम करंट ओढतात, पाच व्होल्ट खाली येतात आणि शून्य सरकतं. सर्वोंना वेगळा बीईसी (पाच व्होल्टचा पुरवठा देणारा छोटा बोर्ड) द्या.

दुसरं कारण वायरचं. पिटो पंखावर म्हणून सेन्सरही पंखातच, पिटोच्या मागं, असं काही जण करतात. नळी छोटी होते हे खरं, पण आयटूसी वायर मीटरभर लांब होते आणि सर्वोच्या वायरीला चिकटून धावते. आयटूसी ही एका बोर्डावरच्या चिप्सनी आपसात बोलायला केलेली सोय आहे, ती पंखभर ताणायची नाही. ‘बॅड एअरस्पीड हेल्थ’ अधूनमधून येत असेल तर आधी हे बघा. सेन्सर धडात आणा आणि नळी लांब होऊ द्या. आपल्या वेगांना मीटरभर नळीनं काही बिघडत नाही. सेन्सर पंखातच हवा असेल तर कॅन बसचा (लांब वायरीवर चालणारा) घ्या, पैसे जास्त जातील.

जागाच चुकली असेल तर

वरचं सगळं बरोबर आणि तरी हवेत वेग कमी दाखवतोय, तर आता पंखावर काम करावं लागेल. म्हणूनच हे इतकं खाली ठेवलं.

पंखाच्या पुढच्या कडेसमोर हवा तुंबते आणि वर वळते. पिटोची बाजूची छिद्रं त्या तुंबलेल्या हवेत असतील तर स्टॅटिक दाब जास्त येतो, फरक घटतो आणि वेग कमी दिसतो. पंखाची रुंदी २२-२५ सेमी असेल तर छिद्रं कडेपासून किमान ८-१० सेमी पुढं हवीत. बाजारातली नळी तोकडी पडते. तिला बाहेरून कार्बनची बारीक नळी चढवून पुढं न्या.

जागा प्रॉपेलरच्या झोताबाहेर हवी, प्रॉपेलरच्या टोकापासून निदान त्याच्या व्यासाइतकी लांब. पण पंखाच्या अगदी टोकालाही नको, तिथं हवेचा भोवरा असतो. नळीचा रोख पंखाच्या खालच्या बाजूशी समांतर नसतो, सपाट उडताना हवा ज्या दिशेनं येते त्या दिशेला असतो. पाच-सात अंश चुकले तर फार फरक पडत नाही. हाताला वाकडी लागण्याइतकी चूक असेल तर पडतो.

वळणावर डावीकडं आणि उजवीकडं आकड्यात पाव मीटरचा फरक दिसला तर घाबरू नका. पिटो मधल्या रेषेपासून लांब आहे, बाहेरचा पंख जास्त वेगानं फिरतो. तो दोष नाही, भूमिती आहे.

खाच कापताना कार्बनची स्पार (पंखाला ताकद देणारा आतला आडवा दांडा) कुठून जाते ते आधी पेन्सिलनं आखून घ्या. नळी स्पारच्या पुढून न्या, स्पारमधून कधीच नाही. पातळ इन्स्टंट ग्लू इथं वापरू नका. साध्या थर्मोकोलला तो खातो, आणि कुठल्याही फोममध्ये तो झिरपत जाऊन नेमका स्टॅटिक छिद्रांत बसतो. पाच मिनिटांचं इपॉक्सी घ्या.

हवेतलं जुळवणं

शांत सकाळ निवडा. ‘एआरएसपीडी यूज’ अजून ० च. ‘ऑटोकॅल’ चालू करून पाचेक मिनिटं गोल घिरट्या घाला. जीपीएसचा वेग वाऱ्याच्या दिशेनुसार कमीजास्त होतो, त्यावरून ऑटोपायलट वारा आणि रेशो दोन्ही काढतो. उतरल्यावर ऑटोकॅल बंद करा. तो कायम चालू ठेवला तर नळीची गळतीसुद्धा तो रेशो वाढवून झाकून टाकतो आणि दोष दडून राहतो. रेशो दोनच्या फार लांब गेला असेल तर तो न स्वीकारता चौथ्या तपासणीकडं परत या.

हातानं करायचं तर वाऱ्याच्या सरळ रेषेत एकदा समोरून आणि एकदा पाठीमागून उडवा आणि जीपीएसच्या दोन वेगांची सरासरी घ्या. फक्त हे लक्षात ठेवा की संभाजीनगर साडेपाचशे मीटरच्या वर आहे. चाळीस अंशाच्या दुपारी इथली हवा समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे चौदा टक्के विरळ असते. पिटो १५ दाखवत असताना जीपीएसची सरासरी १६ च्या थोडी वर येणारच. हा आठ टक्क्यांचा फरक ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका. पंखाला उचल देतो तो दाब, आणि पिटो तोच मोजतोय.

आकडे दोन-तीन उड्डाणांत स्थिर राहिले की मगच ‘यूज’ १ करा.

इथं थांबा

मॅनोमीटरवर पास्कल जुळत नाहीत, नळी थेट सेन्सरला लावली तरी जुळत नाहीत, तर सेन्सर गेला. बदला. नवाही तसाच वागला तर बोर्डाचा आयटूसी पोर्ट किंवा पुरवठा बिघडलाय, आणि ऑसिलोस्कोप असलेल्या माणसाकडंच जा. बोर्डावर स्वतः सोल्डरिंग गन फिरवू नका.

खाच कापताना स्पारला ओरखडा जरी गेला तरी उड्डाण बंद. कार्बनची चीर वरून दिसते त्यापेक्षा आत लांब असते. कंपोझिटचं काम करणाऱ्याकडून पंख तपासून घ्या किंवा नवा पंख करा.

विमान विकत घेतलेलं, टाइप सर्टिफिकेट असलेलं सर्वेक्षणाचं असेल तर त्याच्या पंखाला सुरी लावू नका. तो बदल बनवणाऱ्या कंपनीनं करायचा असतो. चाचणीचं उड्डाण कुठं करताय तेही डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर बघा. ड्रोन नियम २०२१ नुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात परवानगीशिवाय २०० फुटांपर्यंतच मुभा आहे आणि त्याहून जवळ परवानगीशिवाय नाहीच. चिकलठाणा, नांदेड, लातूर अशा विमानतळांजवळ उडवताना आधी हे बघा.

आणि विमान माणूस बसणारं असेल, मग ते मायक्रोलाइट का असेना, तर यातलं काहीही करू नका. सलाईनची नळी, इपॉक्सी, ऑटोकॅल यांपैकी काहीच नाही. तिथं परवानाधारक एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरच लागतो, आणि पिटो-स्टॅटिकची गळती चाचणी प्रमाणित यंत्रावरच व्हावी लागते.

दुरुस्तीला कुणाकडंही नेताना विमान पंख जोडून, बोल्ट आवळून न्या. नळ्या उपसून, सेन्सर पिशवीत घालून आणला तर दोष असलेला जोड आधीच सुटलेला असतो. सोबत चालू केल्यापासून उतरेपर्यंतचं एक पूर्ण लॉग आणि पॅरामीटरची फाइल पेनड्राइव्हवर द्या.